हॉलीच्या खोडातील पोकळी: बोन्सायमधील मृत काष्ठाविषयी

मित्रहो, जिन, शारी आणि उरो, म्हणजे साल काढलेली वाळकी फांदी, खोडावरचा उघडा पट्टा आणि खोडातली पोकळी, हे शब्द या सभागृहात बसलेल्या सर्वांना परिचित आहेत, तेव्हा मी थेट झाडाकडे वळतो. आजचे झाड जपानी हॉली, म्हणजेच इलेक्स क्रेनाटा. न्यू जर्सीपासून व्हर्जिनियापर्यंत घरांच्या दर्शनी भिंतीलगत जी गोल छाटलेली, बारीक पानांची झुडपे दिसतात, त्यांत ती हमखास असते. पुष्कळ जण तिला बॉक्सवुड समजतात. एक डहाळी हातात घेतली की शंका मिटते. बॉक्सवुडची पाने समोरासमोर येतात, हॉलीची एकाआड एक. नर आणि मादी झुडपे वेगवेगळी असतात आणि मादीला काळी, वाटाण्याएवढी फळे धरतात.

घराची डागडुजी निघाली की ही झुडपे सर्वांत आधी उपटली जातात, याचे मला मनापासून दुःख होते. आमच्याच गल्लीत एका कंत्राटदाराच्या माणसांनी अशी अख्खी रांग साखळी बांधून गाडीने ओढून काढली. वर्षानुवर्षांच्या छाटणीने त्या खोडांना मनगटाएवढी जाडी आली होती, जमिनीलगत मुळांचा सुरेख पसारा झाला होता, आणि तेच सारे फाटून कचऱ्याच्या गाडीत गेले. मी विनंती केल्यावर शेवटचे एक झुडूप त्यांनी मला कुदळीने खणू दिले. हॉलीची मुळे बारीक, तंतुमय आणि उथळ असतात, त्यामुळे असे झुडूप वसंताच्या तोंडाशी नीट मातीसह काढले तर ते सहसा दगावत नाही. आणि जुन्या खोडावर कुठेही छाटले तरी तिथून ते नव्याने फुटते. बोन्सायसाठी याहून उदार झाड शोधणे कठीण आहे.

पुढे याच झाडाच्या खोडात पोकळी कोरून ते एका प्रदर्शनात ठेवले असता परीक्षकांनी शेरा दिला की, रुंद पानांच्या झाडावर मृत काष्ठ शोभत नाही, ते जुनिपर या सूचिपर्णी झाडाचे लक्षण आहे. त्याच प्रदर्शनात दुसरी एक हॉली होती. तिच्या शेंड्यावर जुनिपरसारखे पांढरे, टोकदार भाले कोरले होते, आणि तिचे मात्र कौतुक झाले. या दोन्ही निर्णयांमागे एकच समजूत आहे, ती म्हणजे मृत काष्ठाचा नमुना फक्त जुनिपरकडूनच घ्यायचा. उमेच्या, म्हणजे जपानी जर्दाळूच्या, जुन्या बोन्सायमध्ये पोकळ, फाटलेली खोडे किती आदराने जपली जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही समजूत पटणार नाही. जुनिपर उघड्या कड्यावर वाढतो. वारा, बर्फ आणि ऊन त्याची साल सोलतात, आणि राळयुक्त लाकूड न कुजता पांढरे पडत जाते. हॉली दमट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. तिची मोडलेली फांदी भाल्यासारखी टिकत नाही, ती आत कुजत जाते आणि खोडात पोकळी होते. म्हणून हॉलीवर उरो हेच खरे मृत काष्ठ, असे माझे ठाम मत आहे.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगतो.

झुडूप बुटके करताना खोडावर जे मोठे काप पडतात ते हॉलीत फार सावकाश भरतात. ते मलम लावून लपवण्यापेक्षा तिथेच पोकळी कोरावी. मात्र झाडाने जोमाने वाढ दाखवेपर्यंत थांबावे. आधी सालीखालचा हिरवा थर नखाने तपासून जिवंत पट्टा नक्की करावा. मुळापासून पानांपर्यंत जाणारी रुंद साल अखंड राहिलीच पाहिजे. साल एकदम काढू नये, दर मोसमात थोडी काढावी.

हॉलीचे लाकूड पांढरे, घट्ट आणि इतके बारीक पोताचे असते की बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि जडावाचे काम त्यात करतात. जुनिपरप्रमाणे त्याचे लांब तंतू ओढून फाडता येत नाहीत, त्यामुळे पटाशी किंवा डाय ग्राइंडर, म्हणजे हातात धरून कोरायचे फिरत्या पात्याचे यंत्र, लागतेच. परंतु हे लाकूड ओलाव्यात टिकत नाही आणि त्यावर बुरशीचे निळसर करडे डाग पडतात. म्हणून पोकळीचा तळ बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, जेणेकरून पाणी साचणार नाही, आणि मातीला टेकणाऱ्या भागात कोरूच नये. लाकूड सुकल्यावर लाइम सल्फर, म्हणजे चुना आणि गंधक यांचे लाकूड टिकवणारे द्रावण, ब्रशने लावावे. त्यात काळ्या शाईचे थेंब मिसळले तर डोळ्यांत खुपणारा पांढरेपणा उरत नाही. हे काम हातमोजे घालून, उघड्यावर, माती आणि साल झाकून करावे. लाइम सल्फर आम्लाशी कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

तार फक्त कोवळ्या फांद्यांना घालावी. जुन्या फांद्या कडक असतात आणि मुरडताना मोडतात, त्यांना दोरीने हळूहळू खाली ओढावे. माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची हवी, नाहीतर पाने पिवळी पडतात आणि मुळे काळी पडून कुजतात. ज्यांच्या दारची झुडपे येत्या वसंतात निघणार आहेत, त्यांनी साखळी बांधण्यापूर्वी मला जरूर कळवावे. खणायला मी स्वतः येईन.