‘बोला’ म्हणणाऱ्यांची जबाबदारी

आत्महत्या टाळण्याविषयी बोलताना आपण सगळेच एक वाक्य फार सहज उच्चारतो: मन मोकळे करा, बोला. हे वाक्य चुकीचे नाही, पण ते ज्याला उद्देशून म्हटले जाते त्याच्या बाजूने आपण क्वचितच पाहतो. जगणे नकोसे झाल्याचा विचार ज्याच्या मनात कित्येक आठवडे घर करून आहे, तो खरोखरच बोलला तर पुढे त्याच्या वाट्याला काय येते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराचे काम करताना मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे की, असा माणूस गप्प राहतो त्यामागे लाज तर असतेच, पण बोलण्याचे परिणाम त्याने आजूबाजूला पाहिलेले असतात आणि त्याचा हिशेब बऱ्याचदा बरोबर असतो.

घरातल्या घरात काय घडते ते आधी पाहू. ‘असले अभद्र बोलू नकोस’, ‘तुला काय कमी आहे’, ‘लेकराबाळांचा तरी विचार कर’ ही वाक्ये बहुतेक वेळा मायेपोटीच निघतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, आपल्या मनात आले ते पाप आहे आणि ते आल्याबद्दल आपण अपराधी आहोत. काही घरांत याच्या उलट घडते. एकच धावपळ उडते, नातेवाइकांना बोलावले जाते, गळ्याची शपथ घातली जाते. सून असेल तर माहेरच्यांना फोन जातो आणि अविवाहित मुलगी असेल तर ‘हे बाहेर कळले तर लग्न जमणार नाही’ ही चिंता तिच्या जिवाच्या चिंतेपेक्षा मोठी होऊन बसते. दोन्ही प्रकारच्या घरांत शेवटी धडा एकच मिळतो. पुढच्या वेळी ती ओपीडीत येते तेव्हा झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते एवढेच सांगते. शेजारी नवरा किंवा भाऊ उभा असतो, बाहेर रांग असते, आणि डॉक्टरांनी त्याला दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगितले नाही तर जो प्रश्न विचारायलाच हवा तो विचारलाच जात नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अपघात विभागात घडते. विषबाधेच्या रुग्णासोबत आलेले नातेवाईक ‘चुकून पोटात गेले’ असे सांगतात, कारण ही पोलीस केस होणार हे त्यांना ठाऊक असते. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार दीर्घकाळ गुन्हा होता आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला. त्याच्या कलम 115 ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता, हा गुन्हा उरलेलाच नाही. कायदा बदलला तरी त्याची दहशत मात्र वॉर्डात अजून वावरते. केसपेपरवर अपघात लिहिला जातो, पोट धुतले जाते, सलाइन लागते, रक्ताचे अहवाल सुधारले की रुग्ण घरी जातो, आणि मनाच्या डॉक्टरची व त्याची गाठ पडतच नाही. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात, हे आमच्या शास्त्राला चांगले ठाऊक आहे. नेमक्या त्याच आठवड्यांत त्याची चौकशी करणारे कोणी नसते.

आता आमच्या बाजूच्या मर्यादा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या 22,746, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातल्या होत्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, बहुतेक मानसिक आजारांत गरजूंपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, अशी त्या काळातली स्थिती होती. पण केवळ तज्ज्ञ वाढवून प्रश्न सुटेल असे मी म्हणणार नाही. नोंदींमध्ये कारण म्हणून कौटुंबिक अडचणी सर्वांत वर येतात, त्याखालोखाल आजारपण. नवऱ्याची मारहाण समुपदेशनाने थांबत नाही आणि सावकाराचे व्याज माझ्या गोळ्यांनी कमी होत नाही. शेतकरी आत्महत्येच्या बाबतीत तर आपले शासन माणूस गेल्यावर जागे होते: सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज कोणाकडून घेतले होते, हे तपासून प्रकरण सरकारी मदतीसाठी पात्र की अपात्र ते ठरते, आणि आयुष्यभर शेतात राबलेली बाई, तिच्या नावावर जमीन नाही म्हणून, त्या हिशेबातही बऱ्याचदा बसत नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कोण आपला जीव घेईल हे आम्हाला आधी ओळखता येत नाही. पन्नास वर्षांतील 365 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ज्ञात जोखीम-घटकांवरून केलेला अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा सरस ठरला नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांना कसे कळले नाही’ या प्रश्नाने पोळलेल्या कुटुंबांना आणि ‘आम्हाला कसे दिसले नाही’ म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईवडिलांना मी सांगू इच्छिते की, जे दिसणे शक्य नव्हते त्याचा दोष कोणी आपल्या माथी घेऊ नये.

मग हाती काय उरते? ओळखता येत नसले तरी सोबत राहता येते, आणि त्याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपले चेन्नईही होते, जिथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये ‘स्नेहा’ ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्या सुमारे 1,860 जणांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी घरी जाण्यापूर्वी तासभर शांतपणे बोलले गेले आणि पुढच्या दीड वर्षात फोनवरून किंवा प्रत्यक्ष भेटून नऊ वेळा विचारपूस केली गेली. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील 18 जणांनी आत्महत्या केली होती, दुसऱ्या गटातील दोघांनी. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या आधारे चालवला गेला. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तिथे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही, तरी गावातला माणूस हे काम करू शकतो एवढे त्यातून नक्की दिसते.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे की, संशय आला तर आडवळणाने न जाता, एकांतात, सरळ विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नका, ऐकून घ्या. काही ठरवले आहे का ते विचारा, आणि ठरवले असेल तर त्याला एकटे न सोडता, फवारणीचे औषध घरातून हलवून, दवाखान्यात सोबत जा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून रात्रंदिवस मोफत उपलब्ध आहे, तो जरूर द्या, शक्य तर शेजारी बसून लावून द्या. पण क्रमांक दिला म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. आठवड्याने पुन्हा त्याच्या दारात जा. आणि आपल्या जिल्हा रुग्णालयाकडे आपण सर्वांनी मिळून एक मागणी करू या: विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली पुढच्या फोनची तारीख आणि तो करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक नोंदवही, एक फोन आणि ज्याच्या कामात ही जबाबदारी लेखी नेमून दिली आहे असा एक माणूस लागतो.