दोनशे दोन फेरे

श्रोतेहो, नमस्कार.

मला दिलेला विषय आहे ‘व्यावसायिक स्टॉक कार ड्रायव्हरची कारकीर्द’. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "शेअर बाजारावर बोलणार का?" नाही हो. स्टॉक कार म्हणजे कारखान्यातून निघून शोरूममध्ये उभी राहते ती, तुम्हीआम्ही मंडईत न्यावी अशी साधी गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा गाड्यांच्या शर्यतींचं वेड फार. १९४७च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या डेटोना बीचला एका हॉटेलात बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी मंडळी जमवली आणि १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था उभी राहिली. आजच्या शर्यतीच्या गाड्या नावालाच शोरूमसारख्या दिसतात, आतलं सगळं वेगळं. पण आपण बोलणार आहोत ते जुन्या काळाबद्दल.

या खेळाचं मूळ ऐकलंत तर हसाल. मूळ आहे हातभट्टी. डोंगरात दारू गाळायची, तिकडे तिला ‘मूनशाइन’ म्हणतात, म्हणजे चांदण्यातली, आणि रात्री दिवे मालवून गाडीतून शहरात पोचवायची. मागे पोलीस. दारूच्या ओझ्याने गाडी मागून बसली की पोलिसांना लगेच कळणार. आपल्याकडे उसाची ट्रॉली कशी बसते, तसंच. म्हणून मागच्या स्प्रिंगा जाड करून घ्यायच्या. १९४९ साली शार्लटला नॅसकारची अशा साध्या गाड्यांची पहिली मोठी शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला ड्रायव्हर बाद झाला तो याच स्प्रिंगांपायी! गाडी दारूवाल्यांच्या कामाची निघाली. पहिल्याच शर्यतीत पहिला आलेला पहिला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझा माणूस. वेंडेल स्कॉट. जन्म २९ ऑगस्ट १९२१, व्हर्जिनिया राज्यातलं डॅनव्हिल. गाव कापडगिरणीचं आणि तंबाखूचं. गिरणीत पाऊल ठेवायचं नाही, हे पोराने आधीच ठरवलेलं. तो कृष्णवर्णीय होता. त्या काळात तिकडे बस वेगळी, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. ते मी सांगायला नको, अस्पृश्यता म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. स्कॉटने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन गॅरेज काढलं आणि, अर्थात, रात्री दारूही पोचवली.

१९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांचा गल्ला बसला होता. त्यांनी विचार केला, गोऱ्या ड्रायव्हरांत एखादा काळा उतरवला तर गर्दी होईल. पण आणायचा कुठून? गेले पोलिसांकडे. म्हणाले, तुमच्या माहितीतला सगळ्यात जोरात गाडी मारणारा काळा माणूस कोण? पोलिसांनी क्षणात नाव दिलं. ज्याच्यामागे धावून धावून दमले होते, तोच! शिफारसपत्रं पुष्कळ वाचली मी आयुष्यात, असं नाही पाहिलं.

त्यानंतर एका मैदानातून हाकललं, दुसऱ्यातून हाकललं, तिसऱ्यात घेतलं. असं करत १९६१ साली तो नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत पोचला. तेव्हा वय चाळिशीला टेकलेलं. आता एक आकडा सांगतो, कागदावर घ्या. शर्यती ४९५. विजय १. पुन्हा सांगतो, शर्यती चारशे पंच्याण्णव, विजय एक. त्याच काळातला सम्राट रिचर्ड पेटी, त्याचे विजय २००. पण पेटीच्या मागे कंपनी होती, वडिलांचा कारखाना होता. स्कॉटच्या मागे गॅरेज आणि मुलं. पोरंच मदतनीस, बाप ड्रायव्हर आणि बापच मिस्त्री. टायर बहुतेक दुसऱ्यांनी वापरून टाकलेले. तरीही पहिल्या दहात तो १४७ वेळा आला. हातात पाना घेऊन, बरं का.

इथे मला माझे मामा आठवतात. एसटीच्या डेपोत मिस्त्री होते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं तर आधी ओलं फडकं टाकायचं, अर्धा आटा फिरवायचा आणि थांबायचं. वाफेची फुस्स संपली की मग उरलेला आटा. आम्हा भाच्यांना ते म्हणायचे, "गाडी काय म्हणते ते ऐकायला शिका, मग चालवायला शिका." आताची मुलं बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे हे मोबाइलवर शोधतात. माझं स्पष्ट मत आहे की लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावण्याऐवजी पंक्चर काढायला लावावं. असो. हा विषय वेगळा आहे आणि तो कधी संपत नाही.

आता ती दुपार. १ डिसेंबर १९६३, रविवार. गाव जॅक्सनव्हिल, राज्य फ्लोरिडा. नऊच दिवसांपूर्वी अध्यक्ष केनेडींना गोळ्या घातल्या होत्या. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनला लाखोंचा मोर्चा नेला होता. देश ढवळून निघालेला, आणि दक्षिणेतल्या एका मैदानात एक काळा माणूस वीसेक गोऱ्यांच्या नव्हे, अख्ख्या गोऱ्या खेळाच्या विरुद्ध गाडीत बसलेला.

मैदान मातीचं. एक फेरा अर्ध्या मैलाचा. फेरे दोनशे, म्हणजे अंतर शंभर मैल, आपल्या हिशेबाने एकशे साठ किलोमीटर. मातीच्या मैदानावर नुसतं डावीकडे वळायचं असतं, त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मातीवर गाडी वळत नाही हो, घसरते. मागची चाकं बाहेर पळतात, तेव्हा स्टिअरिंग उलटं, उजवीकडे मारायचं आणि तशी तिरकीच गाडी वळणातून काढायची. चिखलात म्हैस धुवून बाहेर आणताना दोर उलटा ओढावा लागतो, तसं काहीसं. शंभर फेऱ्यांनंतर मातीला खड्डे पडतात आणि मनगटं सोलून निघतात.

स्कॉटची गाडी शेव्हरले, नंबर ३४. तीही दुसऱ्याकडून घेतलेली, नेड जॅरेट या विजेत्या ड्रायव्हरची. पुढे पेटी. फेरे सरत गेले आणि शेवटचे पंचवीसेक उरले असताना पेटीच्या गाडीने मान टाकली. ती हळू झाली आणि चौतीस नंबर बाजूने निघून गेला. पुढे कोणी नाही. कारकिर्दीत पहिल्यांदा, या मालिकेत, समोर मोकळी माती.

आता नीट ऐका. पूर्वी संगणक नव्हते. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसायचा, गाडी समोरून गेली की कागदावर नोंद करायची. शेवटी कागद गोळा करायचे. म्हणजे शर्यत दोघं खेळतात, एक गाडीत आणि एक कागदावर. दोनशे फेरे पुरे झाले की झेंडेवाल्याने काळ्यापांढऱ्या चौकटीचा झेंडा हलवायचा, शर्यत संपली.

स्कॉटचा दोनशेवा फेरा झाला. झेंडा हलला नाही.

ड्रायव्हरने काय करायचं? थांबला तर गेला. तो चालवत राहिला. दोनशे एकावा फेरा. झेंडेवाला उभा आहे, झेंडा काखेत. दोनशे दोनावा. तरी नाही. आणि मग झेंडा हलला, तो मागून येणाऱ्या बक बेकरसाठी. बेकर म्हणजे दोनदा अजिंक्यपद मिळवलेला, नावाजलेला गोरा ड्रायव्हर. स्कॉटच्या दोन फेरे मागे होता. दोन फेरे, श्रोतेहो! ऑलिम्पिकमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात केसाएवढ्या फरकाने पदकं जातात, इथे एक आख्खा मैल होता.

बेकर विजेत्याच्या जागी गेला. त्याच्या हाती ट्रॉफी आली. शेजारी सौंदर्यराणी उभी होती, विजेत्याचा मुका घ्यायचा तिकडे रिवाज. फोटो निघाले. लोक टाळ्या वाजवून घरी निघाले.

माझ्या शाळेत एकदा पंधराशे मीटरच्या शर्यतीत मास्तरांचा हिशेब चुकला आणि मी एक फेरा जास्त धावलो. मी दाद मागितली तर म्हणाले, "तब्येतीला चांगलं असतं." पण मी आलो होतो सातवा, त्यामुळे कोणाला काही पडलेलं नव्हतं. स्कॉट पहिला होता.

तो थेट अधिकाऱ्यांकडे गेला. कागद तपासा म्हणाला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, कारण त्याने आवाज चढवला असता तर त्याच दिवशी कारकीर्द संपली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि बसून राहिला. तास गेला, दोन गेले. मैदान रिकामं झालं. गर्दी पांगल्यावर अधिकाऱ्यांना कागदात चूक सापडली. मोजणीत गफलत झाली म्हणे. विजेता स्कॉट. बक्षिसाचे १,००० डॉलर त्याला दिले. ट्रॉफी? ती तोवर बेकरबरोबर गेली.

स्कॉटच्या घरच्यांचं म्हणणं कायम एकच राहिलं: मोजणीत चूक झालीच नव्हती. गोऱ्या प्रेक्षकांसमोर एक काळा माणूस गोऱ्या मुलीशेजारी उभा राहून मुका घेताना दिसू नये, म्हणून ती दोन फेऱ्यांची खेळी होती. मला विचाराल तर, पेन्सिल इतकी नेमकी चुकत नाही. एकाला दोन फेरे कमी लागतात आणि ते गर्दी गेल्यावरच सापडतात? आमच्या वाण्याच्या वहीतली चूकसुद्धा नेहमी त्याच्याच बाजूला होते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

नंतर एके दिवशी त्याला एक लाकडी ट्रॉफी दिली. तिच्यावर नावही कोरलेलं नव्हतं. आजकाल बालवाडीच्या गॅदरिंगला प्रत्येक पोराला सोनेरी प्लॅस्टिकचा कप मिळतो, टाळ्या वाजवल्याबद्दलसुद्धा. आमच्या घरी तसले अकरा आहेत, नातवंडांचे. त्यावर काम करणाऱ्या बाई धूळ पुसताना जे बोलतात ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा बाकीचं झरझर. १९६६ साली स्कॉट वर्षाच्या गुणांत सहावा आला. स्वतः मिस्त्री, स्वतः ड्रायव्हर, तरी सहावा. १९७३च्या मे महिन्यात अलाबामातल्या टॅलाडेगाला वीसेक गाड्यांचा ढीग झाला, त्यात तो सापडला. बरगड्या, कंबर, पाय, बरंच मोडलं. ती गाडी त्याने कर्ज काढून घेतली होती. त्यानंतर त्याच वर्षी एकदा तो पुन्हा उतरला, शार्लटला, आणि बारावा आला. मग संपलं. डॅनव्हिलला परत, गॅरेजमध्ये. हॉलिवूडने त्याच्यावर सिनेमा काढला. २३ डिसेंबर १९९० रोजी तो गेला.

डॅनव्हिलपासून पन्नासेक किलोमीटरवर मार्टिन्सव्हिल आहे. तिथे विजेत्याला ट्रॉफी म्हणून माणसापेक्षा उंच लंबकाचं घड्याळ देतात, आहे की नाही गंमत? याच मार्टिन्सव्हिलला २०१० साली आपला नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला, भारतातून तिथे पोचलेला पहिला. आपल्याकडे त्याला फॉर्म्युला वनसाठी ओळखतात, ही बाजू फारशी कोणाला माहीत नसते, म्हणून सांगितली.

स्कॉटला २०१५ साली नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आणि २८ ऑगस्ट २०२१ला, डेटोनाच्या मैदानावर, नॅसकारने त्या जॅक्सनव्हिलच्या विजयाची ट्रॉफी त्याच्या घरच्यांच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी तो शंभर वर्षांचा झाला असता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बब्बा वॉलेस हा तरुण या मालिकेत जिंकला. कृष्णवर्णीय ड्रायव्हरचा दुसरा विजय. कुठे? टॅलाडेगाला, जिथे स्कॉटची हाडं मोडली होती. त्या शर्यतीत पाऊस आला, झेंडा लवकर पडला आणि सगळे फेरे झालेच नाहीत.

यानंतर नाट्यसंगीत ऐका. नमस्कार.