अजेंडा प्रश्नात लिहा, मीटिंग निम्मी होईल

मीटिंग संपते, कॉल कट होतो आणि दुसऱ्याच मिनिटाला कुणाचा तरी मेसेज येतो: "मग आपलं नक्की काय ठरलं?"

गंमत म्हणजे, ज्या टीममध्ये हा मेसेज येतो तिथे चर्चा कमी झालेली नसते. चांगली तासभर झालेली असते. मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते, अजेंड्यात.

(स्क्रीनवर: १. डिझाइन २. टेस्टिंग ३. इतर विषय)

ही नुसती विषयांची यादी झाली. "टेस्टिंग" या शब्दावर किती वेळ बोलायचं? कितीही बोलता येतं, कारण थांबायचं कुठे ते त्या शब्दात नाहीच. आता तोच मुद्दा असा लिहा: "आहे ते शुक्रवारी टेस्टिंगला द्यायचं, की उरलेल्या दोन चुका काढून पुढच्या बुधवारी?" उत्तर मिळालं की विषय संपला. शिवाय बोलवायचं कुणाला, हेही आपोआप कळतं. उत्तरासाठी लागणारी माहिती ज्याच्याकडे आहे तो, आणि उत्तर निघाल्यावर काम ज्याच्या गळ्यात पडणार आहे तो. बाकीच्यांना नंतर दोन ओळी पाठवा. रागावणार नाहीत, सुटकेचा निःश्वास टाकतील.

एखादा मुद्दा प्रश्नात बसतच नाही? मग ती माहिती आहे. तिच्यासाठी मेसेज पुरतो.

माणसांचा हिशोबही एकदा करून बघा. ५ जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात १०. १० जणांत होतात ४५. माणसं दुप्पट, गुंता साडेचारपट.

बरं, प्रश्नांचा क्रम. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं १९५७ मध्ये एक काल्पनिक समिती रंगवली होती. तिच्यापुढे अणुभट्टीचा प्रचंड खर्च येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो. मग येते सायकलींची शेड. तिच्यावर पाऊण तास! कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि शेडचं छप्पर कसं असावं यावर प्रत्येकाचं मत असतं. लिहिलं होतं थट्टेनं, पण बटणाच्या रंगावर अर्धा तास घालवलेल्यांना ते चांगलंच झोंबेल. म्हणून अवघड प्रश्न आधी घ्या आणि प्रत्येकापुढे मिनिटं लिहा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणजे गप्प बसणं.

१९५८ मध्ये येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. चौघांनी एकत्र बसून कल्पना सुचवल्या आणि दुसरीकडे चौघांनी वेगवेगळं बसून. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या जास्त भरल्या. एक बोलत असताना बाकीचे नंबर लागायची वाट बघतात, आणि तेवढ्यात आपलं म्हणणं विसरतात किंवा गिळून टाकतात. त्यावर उपाय सोपा आहे. प्रश्न स्क्रीनवर ठेवा, ५ मिनिटं सगळ्यांनी फक्त लिहायचं. मग एकेकानं वाचायचं, आणि टीम लीडनं सगळ्यात शेवटी. लीड आधी बोलला की पुढचे सगळे "हो, मलाही तसंच वाटतं" वर येतात.

ती शांतता सुरुवातीला जड जाते हं. पहिल्या वेळी मीच दीड मिनिटात बोलायला लागलो होतो.

निर्णय झाला की तो तिथल्या तिथे, सगळ्यांना दिसेल असा टाइप करा: काय, कोण, कधीपर्यंत. "टीम बघेल" लिहू नका, टीम कधीच काही बघत नाही. एकच नाव लिहा आणि ते वाक्य मोठ्यानं वाचा. बऱ्याचदा कुणीतरी म्हणतं, "थांबा, मी असं नव्हतं म्हटलं." वैतागू नका, तो वाद तीन आठवड्यांनी होणार होता, आज झाला. आणि एखाद्याला निर्णय पटलेलाच नसेल, तर त्याचं कारणही खाली एका ओळीत लिहून ठेवा. पुढे काही फसलं तर पहिल्यांदा तीच ओळ उघडावी लागते.

पुढची मीटिंग याच यादीनं सुरू करा. झालं, नाही झालं, एवढंच विचारायचं. मात्र एकच ओळ सलग तिसऱ्यांदा "नाही झालं" वर आली, तर त्या माणसाला धारेवर धरू नका. काम मोठं असेल तर त्याचे तुकडे करा, कुणालाच नको असेल तर सरळ खोडून टाका.