दुपारी तीन वाजता जागा बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या ताईनं निवृत्तीच्या पैशांतून पुण्यात एक ऑफिस घेतलं. भाडं येत राहील, म्हातारपणी आधार होईल, एवढाच हिशेब. पाचवा मजला, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. टेकडीमागं सूर्य मावळताना दिसायचा, त्यावरच ती भुलली. जानेवारीत भाडेकरू आला. मार्चमध्ये त्यानं पडदे लावले. एप्रिलमध्ये मी गेलो, तर काचेला आतून पुठ्ठे चिकटवलेले, भर दुपारी ट्यूबलाइट सुरू, दोन्ही एसी सुरू आणि काचेजवळची माणसं खुर्च्या उचलून दाराशी येऊन बसलेली. तो म्हणाला, "काका, भाडं परवडतं हो, लाइटबिल परवडत नाही." जूनमध्ये त्यानं जागा सोडली. पुढं सात महिने ती रिकामी आणि मेंटेनन्स मात्र दरमहा सुरू.

पुठ्ठ्यानं का भागलं नाही? ऊन एकदा काचेतून आत आलं की त्याची उष्णता आतच राहते. ते बाहेरच अडवायला हवं. बाहेरच. शेवटी सोसायटीची परवानगी काढून ताईनं काचेबाहेर उभ्या पट्ट्या बसवून घेतल्या. आमच्या जुन्या घराला पश्चिमेला पडवी होती, पुढं चिंच होती. पार्किंगसाठी अशी झाडं तोडतात ना, ते मला अजिबात पटत नाही.

तर कायदा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये वीज वाचवणाऱ्या बांधकामाची संहिता, म्हणजे नियमावली आली, 2017 मध्ये ती सुधारली. तिनं नेमून दिलेल्या मापांनी बांधायचं, तर खिडक्यांची काच बाहेरच्या भिंतीच्या 40 टक्क्यांहून जास्त नको. 2022 च्या दुरुस्तीनं मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. मोठ्या म्हणजे 100 किलोवॉट जोडभार, म्हणजे इमारतीत जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून विजेचा भार, किंवा त्याहून अधिक. ही मर्यादा राज्याला कमी करता येते. पण हे सगळं मुख्यतः नव्या बांधकामासाठी. ताईच्यासारख्या जुन्या जागेला भाडेकरूच कायदा लावतो. इंग्लंडात तर सरकारच लावतं: ज्यांची मुलं तिकडं घरं घेऊन भाड्यानं देतात त्यांनी ऐका, 2020 च्या एप्रिलपासून ऊर्जेच्या दाखल्यावर एफ आणि जी, म्हणजे सगळ्यांत खालच्या दोन दर्जांचं घर, मोजके अपवाद सोडले, तर भाड्यानं देता येत नाही.

ताईकडं नवा भाडेकरू आला, त्यानं भाड्याची गोष्ट काढण्याआधी मागच्या बारा महिन्यांची लाइटबिलं मागितली. भाड्याआधी बिलं! तुम्हीही घेताना तीच मागा.

येत्या रविवारी ताई दुसरी जागा बघायला जाणार आहे. एजंट सकाळी अकराला या म्हणत होता. तिनं दुपारी तीनची वेळ घेतली आहे.