बर्फानं खणलेली खाण

नमस्कार श्रोतेहो.

रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी फिरायला गेलं की जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. इथं पूर्वी दगडाची खाण होती, मग धरणीकंप झाला आणि खाणीत पाणी भरलं. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा आला की याच गोष्टीपासून सुरुवात करायची. रंकाळ्याची खाण माणसांनी खणली म्हणतात. हिमालयात अशाच खाणी बर्फ खणतो. डोंगराच्या कुशीत साठलेला बर्फ स्वतःच्या वजनानं सरकायला लागतो. खडकाच्या भेगांत पाणी गोठतं, दगड सुटतो, तो बर्फाला चिकटतो आणि पुढच्या खडकाला किसत जातो. हजारो वर्षं हे चाललं की डोंगरात वाडग्यासारखा खोलगट भाग तयार होतो. त्याला आपण हिमगव्हर म्हणतो. बर्फ मागे हटला की त्यात पाणी राहतं.

फळ्यावर हे चित्र किती वेळा काढलं असेल, पण असं तळं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, जायचंच. गणपती विसर्जन झालं आणि आम्ही अकराजण निघालो. निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्ली, तिथून रात्रभर बसनं मनाली. बरोबर भाकऱ्या, कांदा-लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि गूळ. जायचं होतं भृगू तळ्याला. भृगू ऋषींनी तिथं तप केलं, म्हणून ते पूर्ण गोठत नाही, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तळं 14,000 फुटांच्या आसपास आहे. आपलं कोल्हापूर जेमतेम 1,850 फुटांवर, आणि महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही 5,400 फुटांचं. म्हणजे आपल्या पायाला सह्याद्री कितीही पाठ असला, तरी एवढ्या विरळ हवेची ओळख आपल्या छातीला नसते.

आज मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

आमच्यात तालमीत घुमणारा एक पोरगा होता, चोवीस वर्षांचा. भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड सगळ्यांच्या पुढं चालणारा. मनालीजवळच्या गुलाबा नावाच्या ठिकाणापासून चढाई सुरू झाली तेव्हा दोघांच्या पिशव्या यानंच उचलल्या. देवदार मागे पडले, कुरणं लागली. त्या कुरणांना तिकडं थाच म्हणतात. गद्दी मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत होते. अंगात लोकरीचा चोळा आणि कमरेला काळ्या लोकरीचा लांबलचक दोर गुंडाळलेला. थंडीत, खडकावर पडलं तर पाठीला, कशालाही तो दोर उपयोगी पडतो असं एकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रोला खोली नावाच्या मुक्कामाच्या जागी पोचलो, 12,500 फुटांच्या घरात. तिथं पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं कुकर नसेल तर भात कच्चाच राहतो.

त्या रात्री या पोरानं ताट परत केलं. ताट भरलेलं होतं, वर चटणीसुद्धा तशीच. मी तंबूत गेले तर कपाळाला मफलर आवळून बसलेला.

"काय न्हाई काकी, उगं जरा डोस्कं जड झालंय. कुणाला सांगू नगा."

हे "सांगू नगा" फार घातक आहे, मंडळी. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही त्याची पहिली हाक. ती लपवून वर चढत राहिलं तर फुफ्फुसात पाणी होतं, मेंदूला सूज येते, माणूस दगावतो. दंडाच्या बेटकुळीचा याच्याशी काही संबंध नाही. उलट धडधाकट माणूस वेगानं चढतो आणि त्यालाच आधी त्रास होऊ शकतो. 10,000 फुटांच्या वर मुक्काम रोज दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. आम्ही एका दिवसात त्याहून जास्त चढलो होतो. आखणीतली ही चूक माझ्याही नजरेतून सुटली, आणि ती मला आजही सलते.

नशिबानं एक दिवस राखीव ठेवला होता. निघण्याआधी त्या दिवसाचे पैसे फुकट जातात म्हणून दोघांची कुरकुर होती. वाटाड्याशी बोलून ठरवलं: उद्या कुणी वर जायचं नाही. दुपारपर्यंत उतार पडला नाही, किंवा चालताना त्याचा तोल जातोय असं दिसलं, तर अंधार पडायच्या आत त्याला खाली न्यायचं. उंचीच्या आजारावर खाली उतरण्यासारखं औषध नाही.

तो दिवस फार लांब गेला. दर तासाला त्याला सरळ रेषेत चालायला लावायचो. पाणी, सूप, पुन्हा पाणी. समोर हनुमान टिब्ब्याचं शिखर उन्हात झळाळत होतं, पण माझं लक्ष त्या पोराच्या पावलांवर. चार वाजता त्यानं मफलर सोडला. साडेपाचला विचारलं, "काकी, चटणी हाय काय अजून?" मला रडूच आलं.

चौथ्या दिवशी पहाटे अकराच्या अकराजण निघालो. सगळ्यात हळू चालणारी बाई पुढं, हा पोरगा तिच्या मागं. शेवटचा चढ दगडधोंड्यांचा. कड्यावर आलो आणि खाली तळं दिसलं. गडद निळं, कडेला बर्फाची मळकी पट्टी. फळ्यावर काढायचे ते वाडगं, अगदी तसंच.

उतरताना एका खडकावर समांतर रेघा दिसल्या, कानशीनं घासल्यासारख्या. पोरानं हातमोजा काढला, रेघांवरून बोटं फिरवली.

"काकी, हे कुणी घासलं?"

मी त्याच्या शेजारी बसले आणि रंकाळ्यापासून सांगायला सुरुवात केली.