स्वस्तातला पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा पेनड्राइव्ह रोजच्या वापरासाठी घ्यावा का, आणि घेतला तर तो पारखायचा कसा, याबद्दल आज मी बोलणार आहे. वस्तू बोटाच्या पेराएवढी, पण तिच्यात आपण काय काय ठेवतो ते आठवून पाहा. लग्नाचा अख्खा व्हिडिओ, बारशाचे फोटो, बचत गटाचा हिशेब, मुलीचं कॉलेजचं प्रोजेक्ट, आजोबांच्या आवाजातला हरिपाठ. पेनड्राइव्ह बिघडला तर त्याचे पैसे किरकोळच जातात, आतला ऐवज मात्र कुठल्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून ही पारख मला फार महत्त्वाची वाटते.

मोबाइल आणि क्लाउड आल्यावर पेनड्राइव्हचे दिवस सरले, असं म्हणतात. मला ते पटत नाही. फ्लेक्स छापणारा आजही म्हणतो, फाइल पेनड्राइव्हवर आणा. फोटोग्राफर लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवरच देतो. कितीतरी देवळांत पहाटेची काकड आरती अॅम्प्लिफायरला लावलेल्या पेनड्राइव्हवरून वाजते. आणि जिथे नेटला रेंज धड नाही, तिथे आठ-दहा जीबीचा व्हिडिओ एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा तर याच्याइतकी सरळ वाट दुसरी नाही.

हे पेनड्राइव्ह २००० साली विक्रीला आले, तेव्हा त्यात ८ एमबी मावायचे, म्हणजे पाच-साडेपाच फ्लॉप्यांचा मजकूर. आज तेवढ्याच आकारात ६४ जीबी मिळतात, आठ हजार पट. एवढी जागा इतक्या स्वस्तात कशी आली, हे जरा समजून घेऊ, कारण स्वस्त पेनड्राइव्हचं बळही तिथेच आहे आणि दुखणंही तिथेच.

आतली चिप फ्लॅश मेमरीची असते. जपानमधल्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. या चिपमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. वीज काढून घेतली तरी तो भार राहतो, म्हणून आपली फाइल राहते. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच नोंद असायची. भार आहे किंवा नाही, दोनच पातळ्या ओळखायच्या. मग किंमत उतरवण्यासाठी एका कप्प्यात तीन बिट बसवले, म्हणजे आठ पातळ्या झाल्या. चार बिट बसवले तर सोळा. पातळ्या जितक्या एकमेकींना खेटून, तितकी गल्लत लवकर होते. एका बिटाचा कप्पा लाखभर वेळा पुसून लिहिता येत असे. तीन बिटांचा साधारण हजार ते तीन हजार वेळा, आणि चार बिटांचा त्याहूनही कमी. शिवाय हा भार हळूहळू झिरपतो, आणि तापमान वाढलं की लवकर झिरपतो. भर उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पेनड्राइव्ह ठेवू नये, त्याचं कारण हे.

अधूनमधून फाइल टाकणाऱ्याला ही हजार वेळांची मर्यादा सहसा आडवी येत नाही. पण काही जण टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा थेट पेनड्राइव्हवर ठेवतात आणि दिवसभर नोंदी त्यावरच करतात. तिथे बारीक-बारीक लिहिणं सतत चालू असतं. स्वस्त पेनड्राइव्ह त्या कामासाठी केलेलाच नाही. काम संगणकावर करावं आणि संध्याकाळी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

आता दुकानात येऊ. एक तक्रार हमखास ऐकू येते: ६४ जीबीचा घेतला आणि संगणक ५९ च दाखवतो, दुकानदाराने फसवलं. यात फसवणूक नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यामुळे ६४ चे ५९.६ होतात आणि ३२ चे २९.८. आकडा याहून थोडा कमी दिसला तरी काळजी नको.

खरी फसवणूक नेमकी उलटी असते. आकडा बरोबर दिसतो आणि जागाच नसते.

हे कसं होतं ते नीट ऐका. पेनड्राइव्हमध्ये मेमरीच्या चिपबरोबर तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. संगणक त्याला विचारतो, तुझ्यात जागा किती? तो जे सांगेल त्यावर संगणक विश्वास ठेवतो. लबाड माणूस या कंट्रोलरमधला आकडा बदलतो. आत चिप ८ जीबीची आणि कंट्रोलर सांगतो १२८. कोठार आठ पोत्यांचं आणि दारावर पाटी सव्वाशे पोत्यांची, असा हा प्रकार. पहिले आठ जीबी व्यवस्थित जातात, उघडतात, आपला विश्वास बसतो. नवव्या जीबीपासून लिहिलेलं एकतर कुठेच जात नाही, किंवा आधी लिहिलेल्यावरच गिरवलं जातं. कॉपी पूर्ण झाल्याचं संगणक सांगतो. फाइलींची नावं दिसतात, त्यांचा आकारही बरोबर दिसतो, कारण नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते. फाइल उघडायला गेलं की मात्र आत काही नसतं. आणि हे कळतं कधी? वर्षभराने, लग्नाच्या वाढदिवसाला, टीव्हीसमोर सगळे जमलेले असताना. तोवर फोटोग्राफरकडची मूळ फाइल पुसली गेलेली असते.

ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तो खोटा आहे, असं मी सरळ सांगतो. तेवढ्या पैशात तेवढी मेमरी येऊच शकत नाही. ३२ आणि ६४ जीबीच्या मालात ओळखणं कठीण असतं, कारण तिथे खोट्याची किंमतही खऱ्याच्या जवळपास ठेवलेली असते आणि पाकीट हुबेहूब असतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. नवा पेनड्राइव्ह आणला की त्यावर कामाचं काहीही टाकण्याआधी तो एकदा काठोकाठ भरा आणि भरलेलं सगळं परत वाचून पाहा.

विंडोजसाठी एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो जर्मनीतल्या एका संगणक मासिकाकडून आलेला आहे आणि जुना असला तरी काम चोख करतो. सुरू केला की तो पेनड्राइव्हवर एकेक जीबीच्या फाइली लिहीत जातो, जागा संपेपर्यंत. मग त्या पहिल्यापासून वाचतो आणि लिहिलं तेच परत आलं का ते तपासतो. शेवटी हिरव्या चौकटीत 'चूक आढळली नाही' अशा अर्थाचं वाक्य आलं की माल खरा. लाल चौकट आली तर खरी जागा किती आणि गमावलेली किती, तेही तो सांगतो. लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफ थ्री नावाचा प्रोग्रॅम करतो.

याला वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी लिहिणारा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. लागू द्या. रात्री जेवायच्या आधी लावावा. मध्ये एकदा हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक, चटका बसण्याइतका तापत असेल तर असा पेनड्राइव्ह मी ठेवून घेत नाही, चाचणीत पास झाला तरी.

प्रोग्रॅम उतरवून घेणं जमत नसेल तर हाती असलेले मोठे व्हिडिओ टाकून पेनड्राइव्ह पूर्ण भरा. मग तो काढून पुन्हा लावा, शक्य असेल तर दुसऱ्याच संगणकाला. हे काढून लावणं महत्त्वाचं, कारण नुकतं कॉपी केलेलं संगणक कधीकधी स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतो. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे व्हिडिओ पुढे-मागे सरकवून पाहा. अडकायला लागले की समजावं.

वेगाबद्दलही थोडं. पाकिटावर सेकंदाला १०० किंवा १३० एमबीपर्यंत असं ठळक छापलेलं असतं, तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा वेग बहुधा छापलेलाच नसतो, आणि स्वस्त पेनड्राइव्ह कमी पडतो तो तिथेच. मोठी फाइल कॉपी करताना विंडोजच्या खिडकीतला हिरवा आलेख पाहत राहा. सुरुवातीला तो उंच उडतो, आकडा पाहून बरं वाटतं. काही सेकंदांत तो घसरतो आणि एका पातळीवर सपाट होतो. ती सपाट पातळी म्हणजे तुमच्या पेनड्राइव्हचा खरा वेग. पंधरा-वीसच्या वर टिकला तर पाचशे रुपयांत सौदा चांगला. पाचच्या खाली गेला तर गाणी ठेवायला ठीक, रोजच्या ने-आणीला नाही. हजारो लहान फोटो एकदम टाकले तर चांगला पेनड्राइव्हसुद्धा रांगायला लागतो. ते आधी झिप करून एकच फाइल करावी आणि मग टाकावी, बराच वेळ वाचतो.

यूएसबी २ आणि ३ मधला फरक तोंडाशी दिसतो. २ मध्ये चारच सोनेरी पट्ट्या असतात, ३ मध्ये त्यांच्यामागे आत आणखी पाच बारीक. तुमचा संगणक जुना आणि फक्त २ चा असेल, तर ३ साठी जादा पैसे मोजून वेग मिळणार नाही.

टीव्ही, गाडीचा स्टिरिओ आणि देवळातला अॅम्प्लिफायर यांना पुष्कळदा पेनड्राइव्हवर फाइली मांडायची फॅट ३२ हीच रचना कळते. तिच्यात चार जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. मोठे व्हिडिओ ठेवायचे असतील तर पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या रचनेत फॉरमॅट करून घ्यावा आणि आपला टीव्ही तो वाचतो का ते पाहावं.

गाणी, आरत्या, कीर्तनं यांसाठी स्वस्त पेनड्राइव्ह मला उत्तम वाटतो. एकदा लिहायचं आणि रोज वाचायचं, मूळ प्रत संगणकात आहेच. प्रिंट काढायला न्यायचा पेनड्राइव्ह मात्र वेगळा ठेवा, आणि त्यावर त्या दिवसाच्या पीडीएफशिवाय काही नको. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यातून व्हायरस येतो. आधार-पॅनच्या प्रती असलेला पेनड्राइव्ह तिथे विसरला, तर ते व्हायरसहून वाईट.

एकुलती एक प्रत मात्र पेनड्राइव्हवर ठेवू नये. आजोबांचा हरिपाठ, लग्नाचा व्हिडिओ यांची एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि जमलं तर एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे असावी. पेनड्राइव्ह ही चौथी प्रत असली तर बिनघोर राहता येतं.

पेनड्राइव्ह म्हातारा झाला की काही वेळा आधी सूचना देतो. एखाद्या दिवशी तो लिहू देत नाही, 'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश येतो. कित्येकदा आतल्या कंट्रोलरनेच धोका ओळखून लिहिणं बंद केलेलं असतं. वाचता येतंय तोवर सगळं काढून घ्यावं, दुरुस्तीच्या नादी लागू नये. 'फॉरमॅट करायचं का' असं संगणकाने विचारलं आणि आत हवं असलेलं काही असेल, तर होकार देऊ नका, आधी जाणकाराला दाखवा. अलीकडच्या चपट्या, छोट्या पेनड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात बंद असतात, त्यामुळे त्यातला डेटा काढणं अवघड आणि खर्चिक असतं. दोन-पाच वर्षांची वॉरंटी असते ती वस्तूची. नवा पेनड्राइव्ह मिळेल, आतलं कुणी भरून देत नाही.

तेव्हा पेनड्राइव्ह घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या आणि पाकीट फाडून टाकू नका. परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते दुकानातच विचारून घ्या, आणि भरून पाहायची चाचणी त्याच रात्री लावा. लाल चौकट आली तर मोबाइलवर त्या खिडकीचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी दुकानात जा. पैसे परत मागा, आणि बदलून दुसरा दिला तर तोही तसाच भरून पाहा.

नमस्कार.