शिडी, परांची की लिफ्ट? आधी काम बघा

श्रोतेहो, नमस्कार.

उंचावरच्या कामाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वीस-पंचवीस मजल्यांची इमारत उभी राहते. पण माणसं पडतात ती बऱ्याचदा फार कमी उंचीवरून. छताचा दिवा बदलताना, दुकानाची पाटी लावताना, गोदामातल्या वरच्या फळीवरचं खोकं काढताना. दोन मीटर म्हणजे आपल्याला उंची वाटतच नाही. हिशेब केला तर दोन मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर आपटतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या पुढे असतो. एवढ्या वेळात तोल सावरणं, काहीतरी धरणं, नीट पडणं, यातलं काहीच जमत नाही. म्हणून जे काही ठरवायचं ते चढण्याआधी ठरवावं लागतं, आणि त्यातलं पहिलं ठरवणं म्हणजे वर जायचं कशावरून.

नेमकं हेच ठरवलं जात नाही. काम निघतं, कुणीतरी कोपऱ्यातली शिडी उचलून आणतं आणि काम सुरू होतं. शिडी का, तर ती हाताशी होती म्हणून. माझं आज आपल्याला आग्रहाचं सांगणं एवढंच आहे की साधन कामावरून निवडा. काम किती वेळ चालणार, त्याला एक हात लागणार की दोन्ही, किती वजन वर न्यायचं, खाली जमीन कशी आहे, डोक्यावर काय आहे, आणि वर काही बिघडलं तर माणूस खाली कसा आणायचा, हे प्रश्न आधी. शिडी, परांची, माणसाला पाळण्यात वर नेणारी लिफ्ट ही नावं त्यानंतर.

त्याच्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो विचारायला आपण विसरतो. वर जायलाच हवं का? उंच खिडक्या लांब दांड्याच्या ब्रशनं जमिनीवरून धुता येतात. छपराची पन्हळ तुंबलीय का ते दांड्यावर लावलेल्या कॅमेऱ्यानं बघता येतं. लोखंडी सांगाड्याचे भाग जमिनीवर जोडून, त्याला कठडासुद्धा जमिनीवरच बसवून, मग क्रेननं उचलता येतात. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे जे नियम झाले, त्यांचा क्रमच असा आहे: टाळता येत असेल तर वर जाऊ नका, जावंच लागलं तर पडणं रोखा, आणि तेही पूर्ण रोखता येत नसेल तर पडण्याचं अंतर आणि इजा कमी करा. कुठल्याही देशातल्या मुकादमानं हा क्रम पाठ करावा असा आहे.

आता शिडी. शिडी वाईट नाही. थोड्या वेळाच्या, हलक्या, एका हातानं होणाऱ्या कामाला ती योग्य आहे. ब्रिटिश मार्गदर्शनात एका जागी जास्तीत जास्त तीस मिनिटं असा ढोबळ अंदाज दिलेला आहे. मला स्वतःला वेळेपेक्षा हातांची कसोटी जास्त खरी वाटते. शिडीवर माणसाचे दोन्ही पाय आणि एक हात कायम टेकलेले असावे लागतात. म्हणजे कामाला एकच हात उरतो. भिंतीत ड्रिल मारायचंय, पत्र्याचा तुकडा धरून स्क्रू पिळायचाय, जड पाइप बसवायचाय, तर दोन्ही हात लागणारच. अशा कामाला शिडी दिली की त्या माणसाला आपण हात सोडायला भाग पाडतो आणि वर सांगतो, ‘जपून रे.’ अशा सांगण्याला काही अर्थ नाही.

टेकवायच्या शिडीचा कोन पंचाहत्तर अंशांचा हवा. कोन मोजायला काही लागत नाही. शिडी जिथे टेकते ती उंची चार मीटर असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर लांब हवा. चारास एक. त्याहून उभी ठेवली तर माणूस मागे कलंडतो, त्याहून तिरकी ठेवली तर तिचा पाय सरकतो. शिडीवरून गच्चीवर किंवा माळ्यावर उतरायचं असेल, तर ती उतरण्याच्या कडेच्या वर किमान एक मीटर निघालेली हवी, म्हणजे पाय टाकताना हाताला काहीतरी राहतं. वरच्या तीन दांड्यांवर उभं राहायचं नाही. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या बाजूंच्या आतच राहायला हवं. ते बाहेर गेलं म्हणजे आपण ओणवून लांब हात घालतोय, आणि पडण्याचं एक नेहमीचं कारण हेच आहे. खाली उतरून शिडी हातभर सरकवायचा कंटाळा येतो, बाकी काही नाही.

घडीच्या शिडीचं, जिला आपण घोडी म्हणतो तिचं, एक वेगळं दुखणं आहे. ती पुढून-मागून जितकी पक्की असते तितकी बाजूनं नसते. घोडीवर आडवं उभं राहून भिंतीत जोरानं ड्रिल दाबलं की भिंत तितक्याच जोरानं आपल्याला उलट ढकलते आणि घोडी कलते. म्हणून घोडीच्या पायऱ्यांचं तोंड कामाकडे ठेवायचं. बंद घोडी भिंतीला टेकवून साध्या शिडीसारखी वापरायची नाही.

वजनाचंही बघा. युरोपच्या ईएन १३१ या मानकाप्रमाणे शिडीवरचा एकूण भार १५० किलोपर्यंत असतो, आणि त्यात माणूस, त्याची हत्यारं, रंगाची बादली, सगळं आलं. विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच, फायबरग्लासची घ्या. पण फायबरग्लासवर चिखल किंवा पाणी असलं तर तिच्यातूनही वीज जाऊ शकते, हे ध्यानात असू द्या. लाकडी शिडीला कधी ऑइल पेंट मारू नका, त्याखाली चिरा झाकल्या जातात. रंगवलेली लाकडी शिडी कुणी देऊ केली तर मी ती घेणार नाही, कितीही मजबूत दिसली तरी.

काम लांबणार असेल, दोन्ही हातांचं असेल, सामान वर ठेवायचं असेल, तर पायाखाली फळ्या आणि चारी बाजूंना कठडा हवा. म्हणजे परांची. गिलावा, रंगकाम, लांब भिंतीवरची वायरिंग यासाठी बांधलेली परांची किंवा चाकांची तयार परांची. इथे मला कठड्याबद्दल जरा थांबून बोलायचंय, कारण पुष्कळ ठिकाणी परांची असते, कठडा नसतो. कठडा कुणाला काही आठवायला लावत नाही. माणूस दमलेला असो, घाईत असो, मागे सरकत काम पाहत असो, कठडा आपलं काम करतोच. आणि परांचीवर एक असो की पाच असोत, सगळ्यांना धरतो. ब्रिटिश नियमात वरचा आडवा दांडा किमान ९५ सेंटिमीटर उंच आणि दोन दांड्यांमधली फट ४७ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं आहे. त्या फटीतून माणूस घसरून जाऊ नये, हा हेतू. तळाशी उभी फळी लागते ती खालच्यांसाठी. वरून लाथ लागून निसटलेला पाना कुणाच्या तरी डोक्यावर यायला नको.

चाकांची परांची सोयीची, म्हणूनच तिच्या बाबतीत हयगय फार होते. तिचे आधाराचे तिरपे पाय जागा अडवतात म्हणून काढून ठेवले जातात. चाकांचे ब्रेक लावले जात नाहीत. वर माणूस तसाच ठेवून खालचे दोघं तिला पुढे ढकलतात, आणि फरशीतली एक खाच पुरेशी होते. परांची अरुंद आणि उंच असेल तर ती उलटू शकते. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे तळाच्या रुंदीच्या चौपटीहून उंच परांची उलटू नये म्हणून बांधून, ताण देऊन किंवा टेकू देऊन पक्की करावी लागते. आपल्याकडच्या परांचीसाठी उत्पादकाच्या पुस्तिकेत कमी मर्यादा असेल, तर ती पाळायची. चढायचं आतल्या बाजूनं, झडपेच्या फळीतून. बाहेरून दांड्यांवर पाय देत चढलं की सगळं वजन एका बाजूला येतं. आणि परांचीची उंची कमी पडली म्हणून तिच्यावर शिडी किंवा खोकं ठेवू नका. उंची कमी पडली याचा अर्थ साधन चुकलं.

जिथे दर थोड्या वेळानं जागा बदलायची आहे, किंवा परांची उभारण्यातच दिवस जाणार आहे, तिथे यांत्रिक लिफ्ट बरी. सिझर लिफ्ट सरळ वर जाते, तिला खाली सपाट आणि टणक जमीन लागते. बूम लिफ्टचा हात अडथळ्याच्या पलीकडे पोहोचतो. मागवताना उंचीबरोबर आडवी पोहोचही विचारा. जमिनीची चौकशी तर नक्की करा. नुकता बुजवलेला चर, गटाराचं झाकण, तळघराचा स्लॅब यावर कित्येक टनांचं यंत्र उभं करायला ती जागा तयार नसते, वरून कितीही घट्ट दिसली तरी.

बूम लिफ्टच्या पाळण्यात पट्टा, म्हणजे अंगाला बांधायचा हार्नेस, लागतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. खाली चाक छोट्या खड्ड्यात गेलं की लांब हाताच्या टोकाला असलेला पाळणा जोरात उसळतो आणि आतला माणूस कठड्यावरून बाहेर फेकला जातो. म्हणून आखूड दोरी पाळण्यातल्याच कडीला अडकवायची, बाहेरच्या खांबाला नव्हे. दुसरा धोका वरचा. वर नेताना तुळई आणि कठडा यांच्यामध्ये माणूस चेपला जातो, तेव्हा त्याला बटण सोडायचंही भान राहत नाही. खाली उभ्या असलेल्या एकाला तरी खालच्या पॅनेलवरून पाळणा उतरवता आलाच पाहिजे. वाऱ्याची मर्यादा यंत्रावर लिहिलेली असते. उघड्यावर चालणाऱ्या अनेक यंत्रांना ती सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. काही यंत्रं फक्त छपराखालची असतात, त्यांना वारा चालतच नाही. आणि जमिनीवर जाणवतो त्यापेक्षा वरचा वारा जोरात असतो.

आता हार्नेसविषयी. कुणालाही विचारा, उंचीवर सुरक्षा म्हणजे काय, तर उत्तर येतं पट्टा आणि हेल्मेट. पट्टा जीव वाचवतो, यात शंका नाही. पण तो पडणं थांबवत नाही, पडून झाल्यावर अडवतो, आणि तेही खाली मोकळी जागा असेल तरच. हिशेब बघा. दोरी दोन मीटरची. झटका सोसणारा भाग उलगडला तर पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो. पट्ट्याच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत सुमारे दीड मीटर. शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे दोरी जिथे अडकवली तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. चार मीटर उंचीच्या परांचीवर कुणी पायाशी दोरी अडकवून उभा असेल, तर पडल्यावर साडेतीन मीटर तो सुटाच जातो. मग दोरी ताणली जाते, आणि तेव्हा त्याचे पाय जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलेले असतात. तो जमिनीवर आपटणारच. पट्टा अंगावर होता, नोंदवहीत तशी खूणही होती, उपयोग शून्य. म्हणून कमी उंचीवर एक तर कठडा करा, किंवा दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोहोचणारच नाही. दोरी अडकवायची तर शक्य तितकी डोक्याच्या वर.

आणि अडवला गेलेला माणूस तिथेच लटकत राहतो. हालचाल न करता पट्ट्यात लटकल्यावर रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाला फोन करू, ही त्याच्या सुटकेची योजना होत नाही. त्याला उतरवायचं साधन जागेवर हवं आणि ते वापरता येणारा माणूसही. हे दोन्ही नसेल तर त्या दिवशी पट्ट्याच्या भरवशावर कुणाला वर पाठवू नका.

पत्र्याच्या छपरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे कडेवरून जितके पडतात तितकीच भीती मधूनच खाली जाण्याची असते. सिमेंटचे जुने पत्रे आणि उजेडासाठी लावलेले पारदर्शक पत्रे माणसाचं वजन पेलतील असं कधीच धरायचं नाही. स्क्रूच्या रांगेवरून चाललं की चालतं, हा समज खोटा आहे. खालून लिफ्ट लावून काम करा. ते जमत नसेल तर एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत पोहोचणाऱ्या रुंद फळ्या टाका, आणि खाली जाळी बांधा, तीही छपराच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी.

साधन निवडलं, आलं, की वापरण्याआधी रोज पाहायचं. शिडीचे रबरी बूट, दांड्यांचे सांधे, वाकलेल्या बाजू. परांचीच्या पिना आणि फळ्यांच्या कड्या. पट्ट्याची शिवण, कापलेली किंवा उन्हानं फिकी पडलेली पट्टी. एकदा झटका सोसलेला हार्नेस आणि त्याची दोरी पुन्हा वापरायची नाही, वरून ठीक दिसली तरी. वाकलेली ॲल्युमिनियमची शिडी ठोकून सरळ करू नका, वेल्डिंगही नको. बाद ठरवलेली शिडी मात्र नुसती मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घाईच्या वेळी कुणीतरी ती पुन्हा उचलतंच. तिच्या दोन्ही बाजू मधून करवतीनं कापा आणि मगच भंगारात द्या.

नमस्कार.